वरच्या मजल्याचा वारा

आईला वरच्या मजल्यावर जाऊ न देण्याचं काम भौतिकशास्त्राच्या पदवीधराने कधीही पत्करू नये. बंद खोल्यांमधून हवा कशी वाहते, यावर मी प्रबंध लिहिला आहे. खोली कितीही बंद असली तरी हवेला फट सापडतेच, हे त्यात मी समीकरणांनी सिद्ध केलं होतं. आईचा समावेश त्या समीकरणांत करायचा राहून गेला.

आमच्या बेटावर जून लागला की माणसं खाली सरकतात. वरचा मजला, म्हणजे चांगले पलंग, चांगल्या चादरी आणि समुद्र दिसणारा सज्जा, पाहुण्यांना भाड्याने जातो आणि घरची मंडळी तळघरात दारूच्या पिंपांशेजारी खाटा टाकतात. शेजारच्या विंकामावशी उन्हाळाभर गॅरेजमध्ये राहतात आणि धुलाईयंत्रावर टीव्ही ठेवून बघतात. समोरचे बार्बा बेपो, बार्बा म्हणजे काका, सरळ आपल्या होडीत झोपतात. माझे वडील जहाजावर नोकरी करतात. दर उन्हाळ्यात ते नेमके कुठल्यातरी लांबच्या समुद्रात असतात, याला मी योगायोग समजत नाही.

भाड्याने दिलेला मजला तेवढ्यापुरता आपला राहत नाही, हे आईला मान्य नव्हतं. पेरिना आमच्या आईचं नाव. तिच्या मते पाहुणे म्हणजे कमी अकलेचे नातेवाईक. मागच्या महिन्यात स्टुटगार्टचे एक गृहस्थ दुपारी खिडकी उघडी टाकून झोपले, तर हिने आत जाऊन खिडकी लावली आणि त्यांच्या अंगावर घोंगडी घातली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ही त्यांच्या पायांत मोजे चढवत होती. पुढच्या आठवड्यात लियाँहून एक जोडपं आलं. त्यांचे वाळत घातलेले कपडे नीट पिळलेले नाहीत म्हणून हिने पुन्हा धुतले, इस्त्री केली आणि अंतर्वस्त्रांसकट घडी करून कपाटात लावले. शिवाय फ्रिजमध्ये पालक-बटाट्याची भाजी ठेवली. दोन्हीकडून तक्रार गेली. ज्या संकेतस्थळावरून पाहुणे येतात त्यांनी कळवलं की, मालकीण न विचारता खोलीत शिरते अशी आणखी एक तक्रार आली, तर घर यादीतून काढण्यात येईल. ऐन हंगामात यादीतून घर निघणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं.

नेमका तेव्हाच रोको आला. रोको माझा मावसभाऊ. पांढरी विजार घालतो आणि लोकांची भाड्याची घरं सांभाळण्याची एजन्सी चालवतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांवर त्याच्या आकड्यांच्या पेट्या लटकलेल्या आहेत. पाहुणा येतो, आकडे दाबतो, किल्ली काढतो, राहतो आणि जातो.

"पाहुण्याला घरात माणूस दिसता कामा नये, मावशी," तो म्हणाला. "त्यालाच दर्जा म्हणतात."

त्याने करार टेबलावर ठेवला. वरचा मजला पाच वर्षं एजन्सीच्या ताब्यात. किल्ली एजन्सीकडे. मालकिणीने वर पाऊल ठेवायचं नाही. आग लागली तर काय करायचं, असं आईने विचारलं. एजन्सीला फोन करायचा, असं तो म्हणाला. आईने मान वर करून छताकडे बघितलं. ते घर तिने आणि वडिलांनी स्वतः विटा वाहून बांधलेलं आहे. सज्ज्याच्या कठड्यात एक वीट उलटी बसली आहे आणि ती कुणी बसवली यावर त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पाच वर्षं ती वीट फक्त खालून बघायची, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं.

तेव्हा मी मध्ये पडले. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असं आम्हाला शिकवतात. मी म्हटलं, आईऐवजी व्यवस्थापक मी होते. येत्या शनिवारी पाहुणे येताहेत, ते आठवडाभर राहतील. त्यांची तक्रार आली नाही, तर घर आईकडेच राहील. आली, तर आई सही करेल. रोको हसला आणि करार पुन्हा पिशवीत घातला, पण पिशवीची साखळी लावली नाही. ते मला आवडलं नाही. आईने गावच्या संत निकोलाची शपथ घेतली की आठवडाभर ती जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढणार नाही. वरच्या मजल्याची किल्ली तिने दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. मंगळसूत्राइतकं गांभीर्य होतं त्यात, आणि साधारण तेवढीच धास्ती. मी लगेच नियमावली छापून जिन्याच्या तोंडाशी चिकटवली. पहिलाच नियम असा होता : पाहुण्यांच्या परवानगीशिवाय कुणीही, कोणत्याही कारणाने, वर जाणार नाही.

पाहुणे डेन्मार्कचे निघाले. आस्गेर, त्याची बायको सिग्ने आणि त्यांचं काही महिन्यांचं बाळ, विल्फ्रेड. आई गोड वाइनचे पेले घेऊन दारात उभी होती. तिची नजर बाळाच्या पायांवर गेली. पायांत मोजे नव्हते. डोक्याला टोपी नव्हती. तबकातले पेले एकमेकांवर वाजले.

वर गेल्या गेल्या त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. समुद्राकडच्या, गल्लीकडच्या, न्हाणीघराचीसुद्धा. मग बाबागाडी सज्ज्यात नेऊन ठेवली आणि विल्फ्रेड भर वाऱ्यात झोपला. मी व्यवस्थापक या नात्याने खालून हळूच विचारलं, बाळाला तिथे बरं वाटतं ना. सिग्ने म्हणाली, "आमच्याकडे बाळं बाहेरच झोपतात. बर्फ पडत असला तरी." मी ते भाषांतर करून आईला सांगितलं. आई पिंपावर बसली.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून जो आरपार वारा वाहतो, त्याला आमच्याकडे प्रोपुह म्हणतात आणि सर्व रोगांचं मूळ मानतात. मान आखडणं, दातदुखी, मूत्रपिंडाचे विकार, वाकडं झालेलं तोंड, मोडलेली लग्नं, सगळं त्याच्यामुळे होतं. बार्बा बेपोंचा थोरला भाऊ एका युद्धातून आणि दोन बुडालेल्या होड्यांतून सुखरूप परत आला आणि स्वयंपाकघराचं दार व न्हाणीघराची खिडकी एकाच वेळी उघडी राहिल्याने गेला. तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती, पण हा मुद्दा आमच्याकडे कुणी विचारात घेत नाही.

आजार विषाणूंमुळे होतात, वाऱ्यामुळे नाही, असं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "आणि ते विषाणू काय चालत येतात?" माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि तोवर विंकामावशी आल्या होत्या.

विंकामावशींनी सज्जा बघितला आणि छातीवर क्रूस काढला. बार्बा बेपो होडीतून उतरून आले. त्यांचं म्हणणं पडलं की डॅनिश लोकांचं रक्त जाड असतं, सीलसारखं, पण ते रक्त मोठेपणी जाड होतं की जन्मतः, याची त्यांना खात्री नव्हती. मावशी म्हणाल्या, खात्री होईपर्यंत निदान टोपी तरी घालावी. माझ्यावर सगळ्यांचा राग होता. मी काही करत नव्हते आणि व्यवस्थापकाला सगळ्यात जास्त शिव्या काहीही न करण्याबद्दलच मिळतात, हे मला हळूहळू कळू लागलं होतं.

मी आकड्यांचा आधार घेतला. प्रबंधासाठी घेतलेलं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र काढलं, काठीला बांधलं आणि खालूनच सज्ज्यापर्यंत उंच धरलं. वेग किरकोळ होता. मी तो आकडा सर्वांना दाखवला. आईने चष्मा लावून बघितला आणि मावशींना म्हणाली, "बघ. यंत्रातसुद्धा आलंय." दिवस मावळायच्या आत माझ्या यंत्राने धोका मोजला आहे ही बातमी बेकरीपर्यंत पोचली. शास्त्राचा इतका वाईट वापर मी प्रथमच पाहत होते, आणि काठी माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची नोंद करायला मी पर्यटन कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं की परवाना कुणाच्या नावावर आहे. आईच्या, मी म्हटलं. मग आईच लागेल. मी व्यवस्थापक आहे, असं मी सांगितलं. तसं असेल तर मुखत्यारपत्र लागेल आणि ते करून देणारे गृहस्थ सुट्टीवर गेले आहेत. कुठे गेले आहेत, तर डेन्मार्कला. शेवटी आईला घेऊन गेले. बाईंनी बाळाचं नाव टिपून घेतलं आणि सहज विचारलं, किती महिन्यांचं आहे. आई त्या प्रश्नाचीच वाट बघत होती. तिने सज्जा, वारा, न्हाणीघराची खिडकी, सगळं सांगितलं. बाईंचं टंकन थांबलं.

"मोजे?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," आई म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून आणखी एक बाई उठून आल्या. रांगेतल्या लोकांनी आपापली मतं दिली. नोंद झाली खरी, पण संध्याकाळी धक्क्यावर फिरायला निघालेलं अर्धं गाव आमच्या घरासमोर येऊन मंदावत होतं आणि सज्ज्याकडे बघून माना हलवत होतं. आस्गेरला वाटलं, काय आनंदी लोक आहेत. तो वरून हात हलवत होता.

आईने शपथ मोडली नाही, हे मला मान्य करायला हवं. पण शपथ जिन्याची होती. बार्बा बेपोंनी सज्ज्याच्या कठड्यावर दोर टाकून एक कप्पी बसवून दिली आणि आईने टोपलीतून लोकरीचे मोजे, टोपी आणि तळलेल्या करंज्या वर पाठवल्या. घरावरच्या हवेतून टोपली नेणं म्हणजे आत शिरणं होतं का, यावर मी बराच विचार केला. माझ्या नियमावलीत उंचीचा उल्लेख नव्हता. टोपली परत आली, तीत मोजे आणि टोपी घडी करून ठेवलेले होते, करंज्या गायब होत्या आणि सोबत काळ्या पावाचा तुकडा होता. आईने तो पाव हुंगला आणि म्हणाली, बिचारं बाळ.

मधेमधे रोको येऊन जायचा. सहज म्हणून यायचा, पिशवी खांद्यावर. विचारायचा, "काय नीव्हेस, वर-खाली काय चाललंय?" मी म्हणायचे, सगळं नियमाप्रमाणे. तो सज्ज्यावरच्या दोराकडे बघायचा, मग बार्बा बेपोंकडे बघायचा. बार्बा बेपो समुद्राकडे बघायचे.

असं करत शेवटची दुपार आली. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होते. सगळी गल्ली श्वास रोखून होती, आणि मी एव्हाना जिंकलेच, असं मनाशी म्हणत जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले होते. विल्फ्रेड नेहमीप्रमाणे सज्ज्यात झोपला होता. आस्गेर आणि सिग्ने घरासमोरच्या धक्क्यावरून पोहायला उतरले होते. बाळाचा आवाज ऐकू येणारं छोटं यंत्र त्यांनी टॉवेलवर ठेवलं होतं, फोनही तिथेच. रोजचंच होतं हे. दर थोड्या वेळाने एक जण वर येऊन बघून जायचा.

बार्बा बेपो होडीत उभे राहिले. त्यांनी पश्चिमेकडे बघितलं आणि काही न बोलता होडीचा दुसरा दोर बांधायला घेतला. ते मी पाहिलं. ते पाहिलं की आमच्याकडे कुणीही दोरीवरचे कपडे काढतो.

आभाळ त्या बाजूने काळं निळं झालं होतं. समुद्र आधी गुळगुळीत झाला, मग एकदम दुसऱ्या रंगाचा. मी धक्क्याकडे धावले, हाका मारल्या. दोघं पार पिवळ्या तरंगत्या खुणेपाशी होते, त्यांनी हात हलवले. आनंदी लोक. मी फोन लावला, तो माझ्या पायाशी टॉवेलवर वाजला. परत घराकडे वळते तोच पहिला झोत आला. वर गल्लीकडची खिडकी धाडकन आपटली, मग न्हाणीघराची, मग सज्ज्यावरच्या कापडी छपराने पोट फुगवलं. त्या छपराचा लोखंडी दांडा नेमका बाबागाडीवर येतो. दांड्याचा एक खिळा सैल आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि दर हिवाळ्यात वडील तो उन्हाळ्यात बघू म्हणायचे.

आई जिन्याच्या तळाशी उभी होती. दोन्ही हातांनी तिने कठडा धरला होता, इतका घट्ट की बोटं पांढरी झाली होती. एक पाय उचललेला आणि पायरीच्या वर तसाच थांबलेला. समोरच्या भिंतीवर माझी नियमावली फडफडत होती. कोणत्याही कारणाने. ते शब्द मीच लिहिले होते, ठळक टाइपात.

"मी शपथ घेतलीय," आई म्हणाली. "तू घेतलेली नाहीस."

वर लोखंड किंचाळलं.

त्यानंतर मी नेमकं काय केलं, ते क्रमाने सांगता येत नाही. किल्ली गळ्यातून काढायला वेळ नव्हता म्हणून मी कुलपापाशी वाकूनच दार उघडलं आणि कपाळ चौकटीवर आपटलं. सज्ज्यात पोचले तेव्हा छपराचं एक टोक सुटून चाबकासारखं वाजत होतं. मी गाडीसकट बाळाला आत ओढलं, दार लावलं, आणि दाराला पाठ टेकते न टेकते तोच दांडा खाली आला. बाबागाडी जिथे होती तिथल्या फरशीचा टवका उडाला.

विल्फ्रेड जागा झाला होता. तो माझ्याकडे कुतूहलाने बघत होता. मग पाऊस सुरू झाला.

आस्गेर आणि सिग्ने जिन्यावरून ओले, धापा टाकत वर आले, तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं : घरातली प्रत्येक खिडकी बंद होती. न्हाणीघराच्या खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबलेला होता. कपाळावर टेंगूळ आलेली एक शास्त्राची पदवीधर पलंगावर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्यांचा मुलगा होता. त्याच्या पायांत टोपलीतून दोनदा प्रवास केलेले लोकरीचे मोजे होते आणि डोक्यावर टोपी होती, हनुवटीखाली घट्ट बांधलेली. टोपलीतून परत आलेले मोजे आणि टोपी मी पुरावा म्हणून नियमावलीच्या फायलीत ठेवले होते, ती फाईल काखेत होती, एवढं मला आठवतं. ते मी बाळाला कधी घातले, हे मला आजही सांगता येत नाही.

सिग्नेने बाळाला घेतलं. आस्गेरने सज्ज्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, मग मोज्यांकडे. मी माफी मागितली आणि खाली आले. रात्रीपर्यंत वरून एक शब्द आला नाही, आणि डॅनिश माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मावशींच्या मते ते रागावले होते. बार्बा बेपोंच्या मते ते झोपले होते.

सकाळी ते हात मिळवून गेले. अभिप्राय दुपारी आला. तोवर तळघरात रोको, बार्बा बेपो, विंकामावशी असे सगळे जमले होते, आणि रोकोने करार टेबलावर मांडून त्यावर पेनही आडवं ठेवलं होतं. मी वाचत वाचत भाषांतर करत गेले. सज्जा सुंदर. करंज्या उत्तम. गावातली माणसं फार हसरी. "आम्ही बाहेर असताना व्यवस्थापक न विचारता आमच्या खोलीत शिरल्या," मी वाचलं. रोकोने पेन उचललं. "तसं झालं नसतं तर काय झालं असतं याचा विचार आम्ही करू शकत नाही. आमच्या मुलाच्या पायांत मोजे होते. त्याला ते आवडले आहेत. तो ते काढू देत नाही."

खाली पाच तारे होते. तक्रारीच्या रकान्यात काही नव्हतं.

विंकामावशी डोळे पुसायला लागल्या. रोको मात्र मोडला तरी वाकला नाही. न विचारता शिरल्या, असं लिहिलेलं आहे, तो म्हणाला. उद्या दुसरं कुणी हेच वाक्य लिहील आणि त्याला मोजे आवडणार नाहीत. वादळं रोज येतात का? नशिबावर धंदा चालत नाही, मावशी. कुंपणानेच शेत खाल्लंय इथे.

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच त्याच्याबद्दल मला नेहमी खटकतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी आठवडाभर पायरी चढले नाही. आत गेला तो व्यवस्थापक. व्यवस्थापक ठेवला की असंच होतं."

मग ती म्हणाली की इथे फार कोंदट झालंय. उठून तिने समुद्राकडचं दार उघडलं. आणि मग, माझ्या आयुष्यात प्रथमच, पलीकडे जाऊन गल्लीकडचं दारही उघडलं. दोन्ही सताड. बार्बा बेपोंनी घाईने गळपट्टा आवळला. दुपारचा वारा, जो रोज याच वेळी समुद्रावरून येतो, तळघरातून सरळ आरपार गेला आणि कराराची पानं टेबलावरून उचलून गल्लीत घेऊन गेला. रोको पांढऱ्या विजारीत त्यांच्या मागे धावला. एक पान त्याला बेकरीपाशी मिळालं, असं नंतर कळलं.

अर्थात तो दुसरी प्रत छापून आणू शकला असता. पण त्याने ती आणली नाही. आरपार वाऱ्यात उभं राहिल्यामुळे त्याची मान आखडली आणि आठवडाभर तो फक्त डावीकडे बघू शकत होता.

आईने दोन्ही दारं लावून घेतली. "वाईटच असतो तो वारा," ती म्हणाली. "मी केव्हाची सांगतेय." नंतर ती माझ्यापाशी आली आणि माझ्या गळ्यातला किल्लीचा दोरा काढून घेतला. म्हणाली, उद्या पोलंडचे पाहुणे येताहेत, त्यांच्याबरोबर आजी आहेत, तू वर जायचं नाहीस, तुझा काही भरवसा नाही. नियमावली तिने तशीच ठेवली, फक्त 'कुणीही' खोडून तिथे माझं नाव लिहिलं.

ती चादरी बदलायला वर गेली. मी पिंपाशेजारी बसून मोजमापं वहीत उतरवत होते. थोड्या वेळाने वरून न्हाणीघराची खिडकी आपटल्याचा आवाज आला, मग गल्लीकडची. मी माझं यंत्र काढून तळघरात धरून बघितलं. वेग शून्य. तरी मी उठून मोजे घातले.